तुमच्या नावानं मी पास झाले

प्रिय साक्षीच्या पप्पा,

हे पत्र तुमच्या हातात पडंल तवा तुमी वरच्या चौकीवर असाल का खाली आला असाल, मला कळायला मार्ग न्हाई. वर असाल तर बरंच हाय. खाली आला असाल आन आजून घरी फोन लावला नसंल, तर पयलं हे शेवटपतोर वाचा, मंग फोन लावा. नववीतनं शाळा सुटली तवापासनं किराणाच्या यादीशिवाय मी कायबी लांब लिवलेलं न्हाई, तवा अक्षराला नावं ठिवू नका. दोन कागदं आदी फाडली. हे तिसरं हाय, हे फाडणार न्हाई.

फोनवर का बोलली न्हाईस, आसं तुमी म्हणाल. तुमची लाईन लागती दोन मिनिटं, तीबी आबांच्या फोनवर. आबा स्पीकर लावत्यात आन सगळं घर मधल्या सोप्यात गोळा हुतंय. आबा इचारत्यात बर्फ किती हाय, आत्याबाई लेकाला इचारत्यात जेवलास का रं, क्रांती म्हणती दादा येताना मला काय आणणार. माझी पाळी आली की मी म्हणते, हां, बरी हाय, साक्षीबी बरी हाय. तवर लाईन जाती. चार म्हैनं मी तेवढंच बोलतेय. सगळ्यांच्या म्होरं मला त्याच्याम्होरचं बोलता यीना, म्हणून हे लिवतेय.

मागच्या सुट्टीला तुमी आला तवाचं तुमाला आठवतंय का. अंगणात साक्षी पाठमोरी बसून चिंचोकं खेळत व्हती. तुमी फाटकापाशी पेटी ठिवली आन हाक मारली. साक्षे. मंग परत मारली. तिसरी तर एवढी मोठी मारली की शेजारचं कुत्रं भुंकलं. ती फिरली न्हाई. तुमी पायरीवर बसला, बूट काढता काढता हसून म्हणाला, फौजी बाप म्हंजे पाव्हणाच की गं, पोरगी वळखत न्हाई. हसला खरं, पर त्या दिशी तुमी अर्धीच भाकरी खाल्ली. मी म्हणाले रुसलीय, उद्या गळ्यात पडंल. ते मी तुमची समजूत काढायला म्हणाले. मला तवाच शंका आली व्हती. तुमच्या सुट्टीच्या एकवीस दिसांत मी ती काढली न्हाई. तुमी जाताना डोळं पुसत जायला नको आसं वाटलं. ती माझी पयली चूक.

घरात कुणाला पटत नव्हतं ह्येला कारण हाय. दार आपटलं की ती बगती. आत्याबाई मागनं ताट वाजवायच्या, तवाबी कवा कवा बगायची. मंग त्या म्हणायच्या, ऐकू येतंय की तिला, नुसती बोलत न्हाई, आमचा ऋषी तरी कवा बोलला, तीन वरसानं. पर दार आपटलं की फरशी हालती, आन ताट वाजवताना आत्याबाईंची सावली म्होरं पडती, हे मी बगत व्हते. कुकरची शिट्टी तिच्या डोक्याजवळ झाली तरी ती चिंचोकं मांडत बसायची. आत्याबाईंनी पोपटानं चोच मारलेलं पेरू आणून तिला चारलं, बोलती हुईल म्हणून. रोज एक. माझ्या आईनं तिकडं औंधला यमाईला नवस बोलला. मी पेरूबी चारलं आन नवसालाबी हात जोडलं. मी कशालाच न्हाई म्हणाले न्हाई. फकस्त एकदा म्हणाले की दवाखान्यात कान दावूया, तर आबा म्हणाले, चांगल्या पोरीला खोट लावू नगंस, उद्या गावभर हुईल.

आता क्रांतीचं सांगते. कॉलेजातनं आल्यापासनं तिचं फोनवर फुकटचं कोर्स चालू असत्यात. तिनं सात कोर्स चालू केलं, कम्प्युटरचा, इंग्रजीचा, कायकाय, आन एकबी पुरा केला न्हाई. दुसऱ्या आठवड्याला कंटाळती आन म्हणती, फुकट तर हाय वहिनी, कवाबी करता येतंय. तिच्याजवळ बसून मी एक दिवस बगितलं, तर यादीत एक नाव दिसलं. ज्येंच्या बारक्या पोरांना कमी ऐकू येतंय त्या आईबापांसाठी. हिंदीतनं. सहा आठवडं. मी क्रांतीला म्हणाले, ह्यो मला लावून दे. ती माझ्याकडं बगत राहिली, पर इचारलं न्हाई. तुमी ठिवून गेलेल्या जुन्या फोनवर, तुमी भरतीच्या येळी काढलेला तो ईमेल घालून तिनं लावून दिला आन भाकरी खायला गेली. फॉर्म मी भरला.

आन हितं मी दुसरी चूक केली. पयलाच रकाना नावाचा. मी तुमचं नाव घातलं, आबांचं नाव, आडनाव, सगळं. लगीन झाल्यापासनं जेवढं फॉर्म बगितलं, गॅसचं, रेशनचं, आंगणवाडीचं, सगळ्यात वर तुमचं न्हाईतर आबांचं नाव आन खाली पत्नी म्हणून माझं. मला वाटलं पत्नीचा रकाना म्होरं यील. मी फॉर्म खालपतोर सरकवत गेले. तो आलाच न्हाई. फॉर्म संपला. मंग उघडल्यावर वर अक्षरं आली, नमस्ते ऋषिराज. तुमचं नाव मी तोंडानं कवा घेतलं न्हाई, उखाण्यापुरतं घेतलं आसंल तेवढंच, आन सहा आठवडं मला रोज कुणीतरी त्या नावानं नमस्कार करत व्हतं. पयल्यांदा हसू आलं. मंग बरं वाटाय लागलं. तुमीबी शेजारी बसून शिकताय आसं वाटायचं.

दुपारी आत्याबाई आडव्या झाल्या की मी गच्चीवर जायची. टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यातच रेंज येती, तुमाला म्हाईत हाय. साक्षीला मांडीवर घ्यायची. क्रांतीची जुनी प्रॅक्टिकलची वही घेतली, तिच्यात मागं कोरी पानं व्हती. शिकिवणाऱ्या बाई साध्या, गोल कुंकू लावलेल्या, सावकाश बोलणाऱ्या. तरी मला सगळं कळायचं न्हाई. मी थांबवायची, मागं न्यायची, परत लावायची. एकेक वाक्य मी धा धा येळा ऐकलं आसंल. त्या बाई चिडल्या न्हाईत. शाळंत मी एकदा परत सांगा म्हणाले तर सगळा वर्ग हसला व्हता. आठवड्याच्या शेवटाला पाच प्रश्न असत्यात. पयल्या खेपेला माझं दोनच बरोबर आलं. मी फोन खाली ठिवला, म्हणलं झालं. तर खाली लिवलेलं, परत परीक्षा देऊ शकता. नववीला गणितात गेले तवा मला परत बस म्हणून कुणी सांगितलं न्हाई, स्थळं बगायला सुरवात केली. मी परत दिली. चार बरोबर आलं. आत्याबाई खाली झोपल्या व्हत्या म्हणून, न्हाईतर मी वरडले असते.

पर सगळं सोपं व्हतं आसं न्हाई. त्या बाईंच्या खोलीत गालिचा हाय, पडदं हायत, टाचणी पडली तर ऐकू यील. त्या म्हणायच्या, घर शांत ठेवा. आपल्या घरात कडबाकुट्टी चालू, कुकर चालू, आत्याबाईंची मालिका चालू. त्या म्हणायच्या, आई आन वडील दोघं मिळून बसा. मी कुणाला घिऊन बसू. कोर्स बनवणाऱ्यांच्या ध्यानात आमी आसलो तर आसलो, पर आमचं घर नव्हतं. आन त्या बाईंना मी दिसत न्हाई. मला कळलं का न्हाई कळलं, त्येंना काय पत्ता. चौथ्या आठवड्यात त्येनी सांगितलं की जन्मल्यावर जास्त कावीळ झालेल्या पोरांच्या कानावर ध्यान ठेवायला पायजे. तुमाला आठवतंय, साक्षीला पाच दिस निळ्या उजेडात ठिवलं व्हतं. घरी आल्यावर आपण सगळी बारशाच्या गडबडीत. मी तितंच फोन बंद केला. तीन दिस मी गच्चीवर गेले न्हाई. शाळंत तीन दिस गेलं न्हाई तर गुरुजी कुणालातरी घरी धाडायचं. हितं कुणी इचारलं न्हाई. कोर्स सोडायला कुणाचं तोंड बगायला लागत न्हाई, नुसतं उघडायचं न्हाई. क्रांतीचं सात कोर्स कसं सुटलं ते मला त्या तीन दिसांत कळलं.

मला परत बसवलं ते साक्षीनं. चौथ्या दिशी दुपारी तिनं फडताळातला फोन काढला आन माझ्या मांडीत आणून ठिवला आन माझा हात धरून जिन्याकडं वढाय लागली. तिला त्या बाई आवडायच्या. मला आदी कळंना का. मंग ध्यानात आलं, त्या कवा पाठ फिरवून बोलत न्हाईत. सगळं बोलणं तोंडासमोर. आपल्या घरात तर सगळी पोरीशी बोलत्यात ते भाकरी थापता थापता, वैरण टाकता टाकता. तिच्यासाठी ह्या घरात सगळ्यात जास्त बोलणारं माणूस त्या फोनमधलं व्हतं.

त्या कोर्समधी प्रश्न इचारायची एक जागा हाय. सगळी हिंदीत लिवत्यात. मी मराठीतच लिवलं, सव्वादोन वरसाची मुलगी, दार आपटलं की बघते, हाक मारली तर बघत नाही, घरातले म्हणतात थांब. अकरा दिस कुणी उत्तर दिलं न्हाई. बाराव्या दिशी त्या बाईंनी दोन वळी लिवल्या. घरच्या ताटं वाजवण्यावर जाऊ नका, दवाखान्यात तपासणी करा, लवकर करा. आन त्याच्या खाली बिहारच्या कुठल्यातरी आईनं लिवलं व्हतं, मी पाच वर्षं वाट बघितली, बहन तू बघू नकोस. तिचं नाव मला म्हाईत न्हाई, तिथंबी तिच्या नवऱ्याचंच नाव आसंल कदाचित. ती वळ मी वहीत उतरून घेतलीय.

मंग मी धीर करून परत आबांम्होरं गेले. चहा घिऊन गेले आन सांगितलं की मी असं असं शिकतेय, तपासणी लवकर करायला पायजे. आबांनी चहा घेतला आन म्हणाले, फोन बगून कुणी डॉक्टर झालंय व्हय. फोनमधी तर मेथीदाणा चावून शुगर घालवायला सांगणारंबी हायत, तुझी सासू दोन म्हैनं चावत व्हती, गेली का शुगर. त्येंचंबी खोटं न्हाई. एकाच फोनमधी तो मेथीवाला आन ह्या बाई, दोघं फुकट, दोघं समोर बगून बोलणार. मला तरी कुठल्या आधारानं खरं वाटलं, ह्येचा मी लय दिस इचार केला. मला एवढंच कळलं की मेथीवाला म्हणतो डॉक्टरकडं जाऊ नका, आन ह्या बाई दर आठवड्याला म्हणत्यात डॉक्टरकडं जा. पर आबांना हे कोण सांगणार. मी सांगून ते सांगितल्यागत हुत न्हाई.

कोर्स पुरा झाला तवा क्रांती आष्ट्याला गेली व्हती. झेरॉक्सच्या दुकानातनं तिनं प्रमाणपत्र छापून आणलं, वर लॅमिनेशन करून. मला मिठी मारली आन म्हणाली, वहिनी, तुमी पुरा केला, मी सातातला एकबी न्हाई. आमी दोघी सोप्यात बगत व्हतो तवर आबा आलं. चष्मा लावला. इंग्रजी त्येंना वाचता येत न्हाई, पर तुमचं नाव आन त्येंचं नाव इंग्रजीत त्येंना वळखू येतंय, पेन्शनच्या कागदावर बगून बगून. त्येनी बोट ठिवून दोन्ही नावं वाचली. मंग इचारलं, ह्ये काय हाय. क्रांती म्हणाली, कोर्सचं सर्टिफिकेट हाय आबा. झालं. फौजेत कोर्स म्हंजे काय आसतंय ते तुमाला मी काय सांगू. आबा हवालदार झालं ते दोन कोर्स करूनच, ते अजून त्येंची नावं सांगत्यात. त्येंचा चेहरा आसा उजळला की क्रांतीचं आन माझं तोंड उघडलंच न्हाई. म्हणाले, पोरगं बर्फात बसून कोर्स पास झालं आन फोनवर शबूद बोललं न्हाई. तिथल्या तिथं खिळा मारून त्येनी ते तुमच्या कसम परेडच्या फोटूशेजारी लावलं.

संध्याकाळी पारावर सगळ्यांना सांगून आलं. नाथाजी काकांनी इचारलं म्हणं, कशाचा कोर्स रं हंबीरराव. आबांनी क्रांतीला इचारलं व्हतं, ती कानाचा म्हणाली व्हती. काका म्हणालं, फौजेत कानाचा कोर्स कशाला. आबा म्हणालं, तोफा उडत्यात, कान जपायला लागत्यात, तुला काय कळायचं, तू कवा कऱ्हाडच्या म्होरं गेलास. घरी येऊन हे त्येनीच हसत हसत सांगितलं. मीबी हसले. मंग जेवताना ते घास मोडायचं थांबलं. भाकरी हातात तशीच. मला इचारलं, कानाचा म्हंजे ल्हान पोरांच्या कानाचा का. मी व्हय म्हणाले. ते म्हणाले, त्यानं साक्षीसाठी केला का. मी त्येंच्या ताटात कालवण वाढलं. मंग म्हणाले, त्यानं काय सांगितलंय का, तपासणीबिपासणी.

मी व्हय म्हणाले.

एकच शबूद. तुमी कवा सांगितलं, कसं सांगितलं, त्येनी कायबी इचारलं न्हाई. क्रांती ताट घिऊन आत निघून गेली. आबा म्हणाले, मंग सोमवारीच जाऊया. जे मी दोनदा सांगून, चहा दिऊन झालं न्हाई, ते तुमच्या नावाच्या कागदानं एका भाकरीत झालं. मला आनंदबी झाला आन रागबी आला. तुमच्यावर राग न्हाई. तुमी तर तितं बर्फात, तुमाला पत्ताबी न्हाई की तुमी पास झालाय.

सोमवारी सांगलीच्या दवाखान्यात त्येनी तपासणीची तारीख दिली आन सांगितलं की तपासणीच्या येळी पोरगी गाढ झोपाय पायजे, तवा पहाटंच उठवा आन वाटंत झोपू दिऊ नका. त्या तारखेला आष्ट्याला यस्टीत बसलो तर ती लागली पेंगाय. आबांनी तिला मांडीवर घेतलं. आदी त्येनी गाणं म्हणून बगितलं, मोठ्यानं, सगळी यस्टी बगाय लागली, पर ती पेंगतच. मंग त्येनी टोपी काढून तिच्या डोक्यावर घातली, तिनं काढली, त्येनी घातली. मिशा हालवल्या, गाल फुगवलं. आसली नाटकं करताना मी आबांना कवा बगितलं नव्हतं. ती खिदळाय लागली. तेवढ्यात डायव्हरनं म्होरच्या ट्रॅक्टरसाठी हॉर्न दाबला, असा कर्कश की मी कानावर हात ठिवला, मागच्या शिटावरचं बाळ दचकून रडाय लागलं. साक्षी टोपीकडं बगत हसतच व्हती. आबा गाल फुगवून तसंच थांबलं. मंग हळूच हवा सोडली. माझ्याकडं बगितलं न्हाई, खिडकीबाहीर बगितलं. पर टोपी घालायचं थांबवलं न्हाई, सांगलीपतोर.

निकाल त्याच दिशी कळला. दोनी कानांनी लयच कमी. बाईंनी कोर्समधी दाखवला व्हता तसाच कागद, तशाच रेघा, मला डॉक्टरांच्या आदी कळलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बगून इचारलं, तुमी कुटं शिकला हे. मी आबांकडं बगितलं आन म्हणाले, ह्येंच्याकडनं, म्हंजे हिच्या पप्पांकडनं. आदी दोनी कानाला मशीनी लावायच्या, काय म्हैनं बगायचं, न्हाई भागलं तर मंग आपरेशनचं. माप घेतलंय. मशीन लावून भागत न्हाई, रोज घरात बसून शिकवायला लागतंय, आठवड्याला एकदा सांगलीला न्यायचं. उशीर झालाय पर लय उशीर न्हाई, आसं म्हणाल्या. ते वाक्य मी धरून बसलेय.

बाहीर आल्यावर आबांनी रसाच्या गाड्यावर आमाला बसवलं. साक्षी पेला धरून पीत व्हती. ते उठून तिच्या मागं गेलं आन अगदी हळू, मला ऐकू यील न यील आसं, म्हणालं, साक्षी. एकदाच. मंग येऊन बसलं आन मला म्हणालं, ऋषीनं बर्फात बसून वळखलं बग, आमी एका छपराखाली राहून न्हाई वळखलं. मी पेला खाली ठिवला. माझ्या जिभेवर आलं व्हतं, आबा, ते मी वळखलं. त्येंचं डोळं भरलं व्हतं. आन मला भ्याव वाटलं. आता सांगितलं तर त्येंना कागद खोटा वाटंल, कागद खोटा तर तपासणी खोटी, आन मशीनी यायच्या आदीच सगळं थांबंल. मी गप बसले. आता घरात जो तो म्हणतोय, ऋषी म्हणतो तसं करा. आत्याबाई आता पोरीसमोर बसून बोलत्यात, कारण ऋषीनं सांगितलंय. रोज मी वहीत बगते आन म्हणते, ह्येनी आसं आसं सांगितलंय. पेरू चालूच हाय, ते मी राहू दिलंय, पोरीला आवडतोय.

तर आता कशासाठी लिवलं ते सांगते. सर्टिफिकेट यायच्या आदीच तुमी वर गेला, तवापासनं फोन न्हाई. तुमी खाली आला की पयला फोन आबांच्या फोनवर लागणार, स्पीकरवर, आन आबांचा पयला प्रश्न कोर्सचा आसंल. त्येनी इचारायच्या गोष्टी मनात जमवून ठिवल्यात. तुमी जर म्हणाला कसला कोर्स, तर माझं काय व्हायचं ते हुईल, पर साक्षीच्या मशीनी अडतील. मी तुमाला खोटं बोला म्हणणार न्हाई. मी बोलले, त्याचं भ्या मला रोज वाटतंय, तेवढं एकीला पुरं. म्हणून पत्रासंगं ती वही धाडतेय. तितं रेंज न्हाई म्हणून सगळं उतरून काढलंय, सहाच्या सहा आठवडं, दर आठवड्याचं पाच प्रश्नबी. उत्तरं मागच्या पानावर हायत, आदी बगू नका. कागद तर तुमच्या नावाचा आलेलाच हाय, नुसता अभ्यास राहिलाय, तो करा. न्हाई कळलं तर परत वाचा, वही चिडत न्हाई. पुरा केलात की फोन लावा आन आबांना म्हणा, व्हय, केला. ते मंग खोटं न्हाई. आन त्येनी इचारलं कुणी शिकिवलं, तर ते तुमी सांगा. माझं नाव तुमीबी कवा सगळ्यांच्या म्होरं घेतलेलं न्हाई. आन सुट्टीला याल तवा फाटकापासनं हाक मारू नका. पेटी बाहीरच ठिवा, लांबनं वळसा घालून तिच्या म्होरं या, उन्हाकडं तोंड करा म्हंजे तुमचा चेहरा दिसंल, तिच्याएवढं खाली बसा आन ती बगंपतोर थांबा. दुसऱ्या आठवड्याचा तिसरा धडा हाय तो. मंग बगा ती वळखती का न्हाई.

तुमचीच, आन सहा आठवडं तुमच्याच नावाची,
रेश्मा